१७६६३१९०४९ : एका संख्येची कुळकथा

मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला आद्य मराठी लेख शिकविण्याचे काम आम्हां दोघांकडे गेली अनेक वर्षे आहे. अक्षी, श्रवणबेळगोळ, पाटण, पंढरपूर अशी नावे फळ्यावर लिहावयाची, शक सांगावयाचे, विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदांची रूपे दाखवावयाची आणि पुढे महानुभावांकडे वळावयाचे, असा शिरस्ता. चाळीसगावजवळच्या पाटणचा लेख आला की ‘दीन्हला’ या रूपावर पाच-सात मिनिटे खर्ची पडतात. लेखाचा बराच भाग संस्कृत. शेवटच्या काही ओळी तेवढ्या मराठी. त्यांत बाजारातील करांचा कोणता हिस्सा मठाला द्यावयाचा आणि चालत्या घाण्यांमागे पळी पळी तेल कसे द्यावयाचे, याची तपशीलवार नोंद आहे. चार-पाच वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, त्या मठात शिकवत काय होते?’ आम्ही ‘ज्योतिष’ असे एका शब्दात उत्तर देऊन पुढे गेलो. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते देताना आपल्याला त्यापलीकडे काहीही ठाऊक नाही, ही जाणीव त्या दिवशी प्रथमच टोचली.

लेखाचा संस्कृत भाग आम्ही कधी नीट वाचलाच नव्हता. अभ्यासक्रमात तो नव्हता. हा लेख प्रकाशात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तो छापला. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. लेखाचा शक ११२८, म्हणजे इ. स. १२०६-०७; ज्ञानेश्वरीच्या सुमारे ८३ वर्षे आधीचा. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने पाटणला एक मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिकाने त्याला दान दिले, असे लेख सांगतो. मठ कशासाठी? तर चांगदेवाच्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी. त्यांतही ‘सिद्धान्तशिरोमणि’ मुख्य. हे आजोबा म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्य म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना लीलावती आठवते. घटिकापात्रात पडलेला मोती आणि टळलेला मुहूर्त आठवतो. ही गोष्ट फैजीने १५८७ साली केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरातून पसरली. गोड आहे, पण तिच्यामुळे मूळ ग्रंथ मागे पडले आहेत. शके १०३६ मध्ये (इ. स. १११४) जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. परंपरेने त्याचे चार भाग मानतात : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. यांतील ‘बीजगणिता’त एक श्लोक आहे. आपल्या मित्राला उद्देशून ग्रंथकार विचारतात : असा वर्ग सांग की ज्याला ६७ ने गुणून एक मिळविला असता पुन्हा वर्गच येईल, आणि असाच वर्ग ६१ साठीही सांग. पाटणच्या मठात घाण्याचे तेल जाळून जे शिकविले जाई त्यात हा श्लोक असणारच. या लेखाचा विषय आहे त्यातील ६१ च्या प्रश्नाचे उत्तर, एक दहा अंकी पूर्णांक.

प्रश्न दिसतो साधा. एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, ६१ ने गुणा, एक मिळवा. आलेली संख्या कशाचा तरी वर्ग आहे का, ते पाहा. १ घेतला तर ६२ येतात, वर्ग नव्हे. २ घेतले तर २४५, नव्हे. ३ घेतले तर ५५०; नव्हे. अपूर्णांक चालत असते तर प्रश्न चुटकीसरशी सुटला असता : १६/३ चा वर्ग ६१ ने गुणून एक मिळविला की बरोबर १२५/३ चा वर्ग येतो. पूर्णांकच हवा म्हटले की वाट बंद होते. शेजारच्या संख्यांकडे पाहिले तर नवल अधिकच वाढते. ६० साठी ४ पुरतात : १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ साठी ८ पुरतात : ६४ गुणिले ६२ अधिक १ म्हणजे ३९६९, हा ६३ चा वर्ग. आणि या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या ६१ साठी सर्वांत लहान संख्या आहे २२६१५३९८०. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. तिचा वर्ग ६१ ने गुणून एक मिळविला की येते

३११९८८२९८२८६०२६४४०१,

आणि हा १७६६३१९०४९ या संख्येचा वर्ग आहे. शंभरपर्यंतच्या कोणत्याही संख्येला इतके मोठे उत्तर लागत नाही.

एकेक संख्या तपासत गेलो असतो तर? मिनिटाला एक या गतीने, रात्रंदिवस, न जेवता न झोपता, बावीस कोटी संख्यांना सुमारे ४३० वर्षे लागतात. भास्कराचार्यांनी ११५० साली आरंभ केला असता तर काम १५८० च्या सुमारास संपले असते. तेव्हा हे उत्तर चाचपडत सापडलेले नाही, एवढे गणित न शिकलेल्यालाही कळते. ते कसे सापडले हे समजून घ्यायला आम्हां मराठीवाल्यांना दोन सुट्ट्या आणि गणित विभागातील एका सहकाऱ्याचा पुष्कळ चहा लागला. परंतु समजले तेव्हा वाटले, इतके दिवस हे आपण का टाळले?

आधी परिभाषा, कारण ती आमच्या प्रांतातली आहे. अशा प्रश्नाला ‘वर्गप्रकृति’ म्हणतात. ६१ ही प्रकृती. जिचा वर्ग गुणावयाचा ती लहान संख्या ‘कनिष्ठ’, जिचा वर्ग येतो ती ‘ज्येष्ठ’, आणि जे मिळवावयाचे ते ‘क्षेप’. क्षेप १ असताना कनिष्ठ आणि ज्येष्ठ शोधणे हा मूळ प्रश्न. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त याची गुरुकिल्ली दिली. दोन वेगवेगळ्या क्षेपांची उत्तरे हाताशी असतील तर त्यांच्या संयोगाने तिसरे उत्तर तयार होते. त्याचा क्षेप पहिल्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. नवे कनिष्ठ तिरक्या गुणाकारांच्या बेरजेने, म्हणजे ‘वज्राभ्यासा’ने, मिळते. ज्येष्ठांच्या गुणाकारात प्रकृतीने गुणलेला कनिष्ठांचा गुणाकार मिळविला की नवे ज्येष्ठ. या संयोगाला नाव काय? ‘भावना’. भाव, विभाव, अनुभाव यांवर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या आम्हांला हा अर्थ माहीत नव्हता, हे येथे कबूल करणे भाग आहे. भावना म्हणजे घडविणे, उत्पन्न करणे. या धातुसिद्ध अर्थाला गणित अधिक इमानी राहिले. ब्रह्मगुप्ताला आपल्या प्रश्नाच्या अवघडपणाची पुरती कल्पना होती. ९२ या प्रकृतीचे उत्तर जो वर्षभरात काढील तो गणक, असे त्याने म्हटले आहे. (उत्तर १२० आणि ११५१.)

आता ६१. क्षेप १ सापडत नाही, तर जवळचा घ्यावा. ८ चा वर्ग ६४, ६१ हून ३ ने अधिक. म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. यापुढची पायरी ‘चक्रवाला’ची. एक संख्या अशी निवडावयाची की ती कनिष्ठाने गुणून ज्येष्ठात मिळविली असता क्षेपाने निःशेष भाग जावा, आणि तिचा वर्ग प्रकृतीच्या शक्य तितका जवळ असावा. येथे ७ चालतात : ७ आणि ८ मिळून १५, त्याला ३ ने भागून नवे कनिष्ठ ५. नवा क्षेप : ४९ मधून ६१ गेले, उणे १२, ३ ने भागून उणे ४. नवे ज्येष्ठ ३९. पडताळा घ्यावा : ३९ चा वर्ग १५२१, ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५, फरक बरोबर ४. एकाच फेरीत क्षेप ४ वर आला आणि येथे ब्रह्मगुप्ताची जुनी युक्ती उपयोगी पडते. क्षेप उणे ४ असेल तर दोन्ही मुळे निम्मी करावी. अपूर्णांक आले तरी बिचकू नये, कारण क्षेप आता उणे १ झाला. ५/२ आणि ३९/२ यांची स्वतःशीच भावना केली की १९५/२ आणि १५२३/२ येतात, क्षेप अधिक १. हे उत्तरच आहे, पण अपूर्णांकातले. त्याची पहिल्या जोडीशी पुन्हा भावना केली की अपूर्णांक गळून पडतात : ३८०५ आणि २९७१८, क्षेप उणे १. या जोडीची स्वतःशी एकदा भावना केली की उणे जाते आणि २२६१५३९८० व १७६६३१९०४९ ही जोडी समोर उभी राहते.

बावीस कोटी संख्यांच्या रानातून जी वाट निघाली ती इतक्या थोड्या पायऱ्यांची आहे. आज विद्यापीठांत शिकविली जाते ती वितत अपूर्णांकांची रीत वापरली तर ६१ साठी २२ पायऱ्या चढाव्या लागतात.

संख्येचे जन्मरहस्य असे हाती आले की तिचे गुणधर्म आपोआप उलगडतात, ही गोष्ट आम्हांला विशेष भावली. १७६६३१९०४९ मधून एक वजा करून निम्मे करा, ८८३१५९५२४ येतात. हा २९७१८ चा पूर्ण वर्ग आहे. उलट तीत एक मिळवून निम्मे करा आणि ६१ ने भागा. १४४७८०२५ येतात, हा ३८०५ चा पूर्ण वर्ग. म्हणजे ही संख्या दोन वर्गांच्या दुपटींमध्ये, एकीपासून एक पुढे आणि दुसरीच्या ६१ पटीपासून एक मागे, अशी नेमकी बसली आहे. आणि ते दोन वर्ग वाटेत भेटलेल्या शेवटच्या जोडीचेच आहेत. ती मूळ संख्या नाही : १५२३ गुणिले ११५९७६३ असे तिचे अवयव पडतात, आणि हे १५२३ सुद्धा वाटेतले आपले ओळखीचे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले तर ६१ चे वर्गमूळ इतके अचूक मिळते की फरक सतराव्या दशांश स्थळापलीकडे जातो. कुळातल्या थोरल्याच्या चेहऱ्यात आजे-पणजे दिसावेत तसे हे आहे.

आता स्थळ आणि काळ दोन्ही बदलू. फेब्रुवारी १६५७. दक्षिण फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायालयीन अधिकारी पिएर द फर्मा याने पॅरिसच्या फ्रेनिक्लला पत्र लिहिले आणि याच जातीचा प्रश्न घातला. सर्वसाधारण उत्तर जमत नसेल तर निदान ६१ आणि १०९ या दोन संख्यांसाठी द्यावे. फार त्रास होऊ नये म्हणून लहान संख्या निवडल्या आहेत, असे वर मानभावीपणे जोडले. १०९ साठीचे ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९ असे पंधरा अंकी आहे! फर्माला हे माहीत होते म्हणूनच त्याने या संख्या निवडल्या, यात शंका नाही. खोड काढण्याचा हा प्रकार भास्कराचार्यांच्या श्लोकातही आहेच. ६१ ची निवड त्यांनीही डोळे मिटून केलेली नाही. दोन देश, दोन भाषा, मध्ये पाच शतके. आणि मित्राला अडविण्यासाठी दोघांनीही तीच संख्या उचलावी, यात योगायोगाचा भाग कमी आणि ६१ च्या स्वभावाचा अधिक आहे.

त्याच सुमारास फर्माने इंग्लंडच्या गणितज्ञांनाही आव्हान दिले. ब्राउंकर आणि वॉलिस यांनी प्रथम अपूर्णांकांतील उत्तर पाठविले. ते कोणीही देईल, असे फर्माचे म्हणणे पडले. मग ब्राउंकरने पूर्णांकांची रीत शोधली. हा पत्रव्यवहार वॉलिसने १६५८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ऑयलरने या समीकरणाला जॉन पेल याचे नाव दिले. पेलचा याच्याशी जवळजवळ काही संबंध नव्हता. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. अशा समीकरणाला उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांजने १७६८ च्या सुमारास दिली.

या सर्व काळात ‘बीजगणित’ पोथ्यांत बंद होते, असेही नाही. शाहजहानच्या कारकीर्दीत, १६३४-३५ मध्ये, अताउल्ला रशीदी याने त्याचे फारसीत भाषांतर केले होते. म्हणजे फर्माच्या पत्रापूर्वी वीसेक वर्षे. त्या फारसीवरून स्ट्रेचीने १८१३ साली इंग्रजी अवतार काढला आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून भाषांतर केले, तेव्हा युरोपला हे कळले. जर्मन इतिहासकार हांकेल याने १८७४ च्या ग्रंथात चक्रवालाला लाग्रांजपूर्व संख्याशास्त्रातील सर्वोत्तम कामगिरी ठरविले.

येथवर आलो की आपल्याकडे एक ठरलेला सूर लागतो : आमच्याकडे हे आधीच होते. होतेच, पण एवढे म्हणून थांबणाऱ्यांस आमचे दोन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न नावाचा. पेलचे नाव चुकीने पडले ही तक्रार योग्यच आहे. परंतु चक्रवाल भास्कराचार्यांनी शोधले, असे जे आपण बेधडक लिहितो तेही तितकेच चूक आहे. उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराने १०७३ साली, म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माच्या चार दशके आधी, ‘लघुभास्करीया’वरील आपल्या टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक उद्धृत केले आहेत, त्यांत चक्रवालाची संपूर्ण रीत आहे. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते उजेडात आणले. या जयदेवाचा एकही ग्रंथ उरलेला नाही. दुसऱ्याच्या टीकेत वीसेक श्लोक, एवढीच त्याची इस्टेट. (गीतगोविंदकार जयदेव निराळा, हे सांगायला नकोच, तरी आमच्या खात्यात सांगावे लागते.) भास्कराचार्यांचा मोठेपणा रीत सुबोध मांडण्यात आणि तिच्यासाठी ६१ सारखे उदाहरण निवडण्यात आहे. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला हा मोठेपणा लहान वाटण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न अधिक जड आहे. चक्रवाल प्रत्येक प्रकृतीसाठी शेवटास जाते का? ६१ साठी गेले, ६७ साठी गेले. सर्वांसाठी जाईलच कशावरून? याची सिद्धता ‘बीजगणिता’त नाही. रीत द्यावी, उदाहरण सोडवून दाखवावे, पडताळा जमला की पुढे जावे, ही तिथली पद्धत. लाग्रांजने जे केले ते याहून वेगळ्या जातीचे काम आहे, आणि ते मान्य केल्याने पाटणच्या मठाला उणेपणा येत नाही. चक्रवालाची स्वतःची सिद्धता यायला १९२९-३० उजाडावे लागले. ती दिली म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी. साहित्याच्या अभ्यासकांना हे गृहस्थ वेगळ्या नात्याने जवळचे वाटावेत : कवी, भाषांतरकार आणि लोककथांचे संशोधक ए. के. रामानुजन यांचे ते वडील. वडिलांच्या ठायी गणित, खगोल आणि फलज्योतिष एकत्र कसे नांदत होते, याविषयी रामानुजन यांनी आपल्या एका प्रसिद्ध निबंधात लिहिले आहे. तो निबंध आम्ही दोघांनीही वाचलेला होता, वर्गात त्याचा उल्लेखही केलेला होता. हेच ते चक्रवालाची सिद्धता देणारे अय्यंगार, हे कळायला मात्र पाटणच्या तेलापासून सुरुवात करावी लागली.

भाऊ दाजी डॉक्टर होते, प्राच्यविद्येचे पंडित होते. ज्या निबंधात त्यांनी हा लेख छापला तो आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयीचा निबंध आहे. म्हणजे लेख प्रथम वाचला गेला तो गणिताच्या इतिहासाचा कागद म्हणून. पुढे त्याच्या वाटण्या झाल्या : संस्कृत भाग इतिहासकारांकडे, मराठी ओळी आमच्याकडे, आणि ज्या ग्रंथासाठी दान दिले तो ग्रंथ कोणाकडेच नाही. गणित विभागातील सहकाऱ्याला चक्रवाल ठाऊक होते, पण पाटणचा लेख ठाऊक नव्हता; आमचे नेमके उलट. आमची दोन्ही दालने एकाच मजल्यावर आहेत.

गेल्या सत्रात पाटणचा लेख शिकविताना आम्ही ‘दीन्हला’ लवकर आटोपले आणि फळ्यावर ६१ लिहिले. भ्रमणध्वनी बॅगेत ठेवायला सांगितले. ५ आणि ३९ पर्यंत वर्ग आमच्याबरोबर आला. भावनेला थोडी कुरकुर झाली. २९७१८ चा वर्ग हाताने करायला सांगितला तेव्हा उघड नाराजी दिसली. पहिल्या खेपेस पुढच्या बाकावरच्या तिघांची उत्तरे तीन आली. एकाचा हातचा राहिला होता, एकीने शून्य गाळले होते. दुसऱ्या खेपेस ती जुळली, आणि मागून कोणीतरी, बहुधा त्या बाकावरचा मुलगा, म्हणाला, ‘सर, आता दुप्पट करून एक मिळवायचा ना?’